डोक्यावरून जाणारी विमाने

विमान हा शब्द आपल्या भाषेत यंत्राच्या कितीतरी आधीपासून नांदतो आहे. रामायणातले पुष्पक आणि तुकोबांना न्यायला आलेले वैकुंठीचे विमान घरोघरच्या आजीबाईंना ठाऊक होते. मात्र त्या विमानांची कधी वर्दळ नव्हती. हल्ली उतारूला पुण्याईची अट उरली नाही, तिकिटाची तेवढी राहिली आहे. आणि त्याचा परिणाम आकड्यांत स्वच्छ दिसतो. १९५० साली साऱ्या जगात मिळून सुमारे ३ कोटी विमानप्रवास झाले. २०१९ साली तोच आकडा ४५० कोटींच्या घरात गेला. २०२० साली महामारीमुळे तो निम्म्याहूनही खाली आला खरा, पण २०२४ साली पुन्हा २०१९ च्या पुढे सरकला. त्याच वर्षी आपल्या देशातल्या देशात १६ कोटींहून अधिक प्रवास झाले. अर्थात ही मोजदाद प्रवासांची आहे, माणसांची नव्हे. एकच व्यापारी वर्षातून दहा वेळा मुंबईस गेला, तर तो दहा वेळा मोजला जातो.

ह्या वर्दळीतला आम्हा वर्धेकरांचा वाटा कोणता? रात्री गच्चीवर आडवे पडावे आणि आकाशाकडे पाहावे, म्हणजे उत्तर मिळते. लुकलुकणारे दिवे एकामागून एक सरकत जातात. आखातातून आणि युरोपातून पूर्वेकडे जाणारी कित्येक विमाने मध्य भारतावरूनच जातात. आपल्या आकाशातून गेल्याबद्दल विमान कंपन्या रीतसर शुल्कही भरतात. मौज एवढीच की, ती सारी आपल्या डोक्यावरून जातात!

पण वाचकहो, एके काळी विमाने येथे मुद्दाम थांबत असत. वर्ध्याहून अवघ्या पाऊणशे किलोमीटरवरचे नागपूर हे त्यांचे ठिकाण. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ह्या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने सोनेगावच्या विमानतळावर उतरत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई. मद्रासची थैली दिल्लीच्या विमानात जाई, मुंबईची कलकत्त्याच्या; आणि उजाडेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परत पोचे. विमाने चारच, पण प्रत्येक शहराचे पत्र उरलेल्या तिन्ही शहरांना सकाळी मिळे. नागपूर ह्या चौघांच्या साधारण मध्यावर, म्हणूनच हे जमले.

त्याच वर्षी टपाल खात्याने आणखी एक शहाणपण केले. विमानाने पत्र लवकर पोचणार असेल, तर जादा आकार न घेता ते विमानानेच न्यायचे, असे ठरले. ज्याला जन्मात विमानाची पायरी चढायला मिळाली नाही, त्याच्या खुशालीच्या साध्या कार्डालाही त्यामुळे पंख फुटले.

हीच युक्ती पुढे अमेरिकेत फळाला आली. १९७३ साली फेडरल एक्सप्रेस ह्या कंपनीने मेम्फिस शहरी रोज रात्री आपली विमाने जमवून पार्सलांची अदलाबदल सुरू केली आणि त्यावर जगभर पसरलेला व्यवसाय उभारला. दुबई किंवा सिंगापूरच्या विमानतळाचे वैभव तरी दुसरे काय आहे? चहूकडून माणसे आणायची, त्यांची अदलाबदल करायची आणि चहूकडे पाठवायची. थैल्यांच्या जागी माणसे आली, एवढाच फरक.

नागपूरचा तो मेळा मात्र सत्तरीच्या दशकात मोडला. वेगवान जेट विमाने आली, महानगरे एकमेकांना थेट जोडली गेली आणि मध्ये उतरण्याचे कारण उरले नाही. वाहतूक वाढत गेली आणि थांबा गेला!

आम्ही वर्धेकर रेल्वे जंक्शनवर वाढलेली माणसे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मोठे मार्ग आमच्या परिसरात भेटतात. त्यामुळे आम्हाला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक आहे : गाडी गेल्याने गावाचे काही होत नाही, गाडी थांबल्याने होते. जी थांबते, तिच्यातून माणूस उतरतो, माल चढतो, हमालाला काम मिळते, चहावाल्याची किटली रिकामी होते. धडधडत निघून जाणारी गाडी धूळ तेवढी उडवते. विमान तर धूळही उडवीत नाही.

नागपुरास पुन्हा असे केंद्र करावे म्हणून ‘मिहान’चा संकल्प सोडला गेला, त्यालाही आता दोन दशके उलटली. त्या नावातच आंतरराष्ट्रीय मालवाहतूक केंद्राची प्रतिज्ञा आहे. बोइंग कंपनीने तेथे उभारलेले विमानदुरुस्तीचे केंद्र २०१५ साली सुरू झाले, हे चांगलेच झाले. तरीही मूळ प्रतिज्ञा अजून पुरी व्हायची आहे. ‘आम्ही देशाच्या मधोमध आहो’ हे आपण अभिमानाने सांगतो. पण आजच्या विमानाला मध्याची गरज नाही. त्याला उतरण्यासाठी अदलाबदलीचे काही लागते.

ते आपल्याजवळ अगदीच नाही असे नव्हे. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. कारंज्याकडे संत्र्यांच्या बागा आहेत, आणि कापूस तर आहेच. हा माल निवडून, बांधून, वेळेवर नागपुरास पोचविण्याची व्यवस्था जो उभारील, तो विमानाला खाली बोलावील.

दिवाळीत घरोघरच्या आया परदेशी गेलेल्या लेकरांसाठी अनारसे-चकल्यांचे डबे बांधतात. चकली मोडू नये म्हणून कागदाच्या घड्या घालतात, डब्याला चिकटपट्टी लावतात, वजन दोनदा करतात आणि मुदतीच्या आत पार्सल रवाना करतात. मालवाहतुकीचे सारे शास्त्र त्यात आले. ती काटेकोर दृष्टी गावाच्या व्यापारालाही लाभो, एवढीच ह्या दीपावलीला शुभेच्छा!