घरी पोहोचविले, पण कोणत्या घरी?

नांदेडच्या रेल्वे फलाटावर वा लातूरच्या बसस्थानकावर घरातून पळालेले मूल सापडले, की आपण त्याची समजूत घालून त्याला बापाच्या हवाली करतो आणि पुण्य पदरी पडल्याचे समाधान मानतो. ते का पळाले, हे कोणी विचारले काय?

बाल न्याय अधिनियम, २०१५ अशा मुलाला गुन्हेगार मानीत नाही. काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक मानतो. घरच्यांनी छळलेले मूलही त्याच व्याख्येत येते. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. एकटे सापडलेल्या मुलाची खबर न देणे हाच गुन्हा आहे.

‘घरातली गोष्ट घरातच राहावी’ म्हणणाऱ्यांना आम्ही सांगू इच्छितो : चौथी आज्ञा मातापित्यांचा मान राखावयास सांगते, मार खाऊन गप्प राहावयास नव्हे. इफिसकरांस लिहिताना संत पौलाने मुलांबरोबर बापांनाही बजावले आहे.

घर सुरक्षित आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार ना आपला, ना मारणाऱ्या बापाचा. तो समितीचा आहे. म्हणून मुलाला हाताला धरून घरी नेण्यापूर्वी १०९८ या क्रमांकावर कळवा.