कोणाचे स्वातंत्र्य? अमेरिकेच्या राज्यक्रांतीविषयी जाहीर निवेदन



४ जुलै १७७६ रोजी फिलाडेल्फिया येथे मंजूर झालेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यास २०२६ साली अडीचशे वर्षे पुरी होत आहेत. जुलमी राजाच्या करांविरुद्ध सारी प्रजा एकमुखाने उठली आणि तिने धर्मयुद्ध करून सर्वांसाठी स्वातंत्र्य मिळविले, अशी त्या क्रांतीविषयी आपल्याकडे रूढ असलेली समजूत, परक्यांचा अंमल व स्वकीयांचे वर्चस्व या दोहोंचाही जाच सोसलेल्या समाजाने तरी तपासल्यावाचून स्वीकारू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रथम हेतूंचा विचार करू. आपल्या प्रतिनिधींच्या संमतीवाचून कर देणार नाही, हे अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतवाल्यांचे म्हणणे तत्त्वतः रास्त होते, हे आम्ही मोकळेपणी मान्य करतो. परंतु त्या तत्त्वाच्या आड स्वार्थही होता. १७६३ च्या ब्रिटिश राजघोषणेने अ‍ॅपलाचियन पर्वतापलीकडील मुलूख तेथील मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवताच जमिनीच्या सट्ट्यात गुंतलेले व्हर्जिनियातील मातबर बिथरले, आणि खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७६७ साली आपल्या मोजणीदारास पत्र लिहून, शिकारीच्या मिषाने त्या मनाई केलेल्या प्रदेशातील उत्तम जमिनी हेरून ठेवण्यास कळविले. १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा बोस्टनमध्ये महाग नव्हे, तर स्वस्त होणार होता आणि जकात चुकवून चहा आणणाऱ्या व्यापाऱ्यांचा धंदा बुडणार होता, ही गोष्ट निषेधार्थ समुद्रात फेकलेल्या चहाच्या ३४२ पेट्यांच्या कथेत क्वचितच सांगितली जाते.

याहून गंभीर बाब गुलामांची. वसाहतींतील सुमारे पंचवीस लाख लोकांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा दास्यात होता. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने, बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या फौजेत दाखल होतील ते मुक्त होतील, असे फर्मान काढले. डनमोर स्वतः गुलामांचा धनी होता व हा केवळ लष्करी डाव होता, हे खरे. परंतु ज्यांनी सर्व मनुष्ये समान असल्याचे घोषित केले, त्यांनी त्याच जाहीरनाम्यात राजाने अंतर्गत बंडे चिथावल्याची, म्हणजे गुलामांच्या उठावाकडे रोख असलेली, तक्रार नोंदविली, आणि युद्ध संपल्यावर इंग्रजांच्या आश्रयास गेलेले कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष मिळकत म्हणून परत मागितले.

आता हिंसेकडे वळू. ऑगस्ट १७६५ मध्येच बोस्टनच्या जमावाने उपगव्हर्नर टॉमस हचिन्सन याचे घर उद्ध्वस्त केले. पुढे राजनिष्ठांना डांबर फासून पिसे चिकटविणे, त्यांचा जमीनजुमला जप्त करणे हा प्रघातच पडला, व सुमारे साठ हजार माणसे देशोधडीला लागली. १७७९ साली वॉशिंग्टन यांच्या हुकुमावरून जनरल सलिव्हन याने इरोक्वाय या मूळ रहिवाशांची चाळीसहून अधिक गावे, उभ्या पिकांसह व फळबागांसह, बेचिराख केली. मार्च १७८२ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या शिबंदीने नाडेनहुटन येथे डेलावेअर या मूळ रहिवासी जमातीच्या ९६ निःशस्त्र ख्रिस्ती लोकांना ठार मारले, आणि त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. इंग्रजांनीही फालमथ शहर जाळले आणि त्यांच्या बंदी-नौकांत हजारो कैदी सडून मेले; परंतु एकाच्या क्रौर्याने दुसऱ्याचे क्रौर्य पुण्यात जमा होत नाही.

याच क्रांतीचा पुरस्कर्ता टॉमस पेन याचे विचार आदराने वाचणाऱ्या आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकी जनांना. १७७६ साली जे काम टाळले गेले, ते पूर्ण होण्यास आणखी जवळजवळ नव्वद वर्षे आणि एक भीषण यादवी लागली, हे आपण विसरू नये.

म्हणून आमची शिक्षकांना, पाठ्यपुस्तककारांना व वृत्तपत्रकारांना विनंती आहे की, त्या जाहीरनाम्याशेजारी डनमोरचे फर्मान आणि नाडेनहुटनचा संहारही विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. स्वातंत्र्याचे तत्त्व आम्हांस शिरोधार्य आहे, आणि म्हणूनच आमचा आग्रह असा की, कोणत्याही क्रांतीचे मोल तिच्या पुढाऱ्यांच्या शब्दांवरून न ठरविता, तिने कोणाच्या बेड्या तोडल्या, कोणाच्या तशाच ठेवल्या आणि कोणाची भूमी हिरावून घेतली, यावरून ठरवावे.