छंद कुणाचा, कौशल्य कुणाचं?

बाईने छंद जोपासावा याला आपल्याकडे कुणाची ना नसते. अट एवढीच, की तो घराच्या उपयोगी पडला पाहिजे. भरतकाम केलं तर उशांचे अभ्रे होतात, विणकाम केलं तर स्वेटर होतो, नवे पदार्थ शिकली तर घरातल्यांची चैन होते. बागकामही चालतं, कारण देवाला फुलं मिळतात. पण ज्यातून घरातल्या कुणालाच काही मिळत नाही, फक्त करणारीला आनंद मिळतो, असं काही बाई करायला लागली की भोवतालची माणसं जराशी अस्वस्थ होतात. गेली बारा-तेरा वर्षं मी असं एक निरुपयोगी काम करते आहे. त्याबद्दल मला मोकळेपणाने लिहायचं आहे, कारण ते काम करताना मला जे दिसलं ते माझ्या एकटीपुरतं नाही.

मी प्लॅस्टिकच्या प्रतिकृती बनवते. जहाजं, विमानं, ट्रॅक्टर, मच्छीमारी बोटी. रत्नागिरीसारख्या गावात नोकरीतून निवृत्त झालेली बाई संध्याकाळी टेबलाशी बसून जहाजाच्या कठड्याला रंग देते हे कळलं, की माणसं दोनच प्रश्न विचारतात. “नातवासाठी का?” आणि “विकता का?” दोन्हींचं उत्तर “नाही” असं दिलं की पुढे बोलणं खुंटतं.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. डब्यात प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले शेदीडशे सुटे भाग असतात. ते एकेक कापून काढायचे, कापल्याची खूण बारीक पॉलिशपेपरने घासायची, जोडायचे, रंगवायचे. प्रमाण ठरलेलं असतं. सर्वांत जास्त चालणारं प्रमाण १:७२, म्हणजे खऱ्या वस्तूचे सहा फूट इथे एक इंच. या मापात पाच फूट उंचीची बाई जेमतेम २१ मिलिमीटर भरते आणि जहाजाचा इंचभर जाडीचा कठडा ०.३५ मिलिमीटर. तो कठडा डब्यातल्या जाड प्लॅस्टिकचा ठेवला तर डोळ्याला खटकतो, म्हणून जुन्या वायरमधली तांब्याची तार सोलून तो नव्याने करावा लागतो. मग खाचांमधून पातळ काळा रंग सोडायचा, म्हणजे पत्र्यांचे जोड उठून दिसतात. गंज दाखवायला मी आमच्याच जांभ्या दगडाची वस्त्रगाळ पूड वापरते. पावसाळ्यात मात्र काही रंगांना हातच लावता येत नाही. हवेतल्या दमटपणाने लॅकरवर पांढुरकी झाक येते आणि महिन्याची मेहनत फुकट जाते.

हे परदेशातून आलेलं खूळ आहे असं म्हणतात. डबे परदेशातून येतात हे खरं. इंग्लंडमधल्या एअरफिक्स कंपनीने १९४९ साली पहिली जोडणीची प्रतिकृती काढली ती एका ट्रॅक्टरची. जपानमधली तामिया कंपनी मुळात लाकडाची वखार होती, तिने १९६० साली प्लॅस्टिकमधली पहिली युद्धनौका काढली. पण मैत्रिणींनो, मोठी वस्तू लहान मापात हुबेहूब उतरवण्याचं काम आपल्या घरांना नवं आहे का?

रुखवत आठवा. आगपेटीच्या काड्यांचं कौलारू घर, मण्यांचं तुळशीवृंदावन, थर्मोकोलची पालखी, बिस्किटांची विहीर, सुपारीची भटजी-यजमानाची जोडी. हे सगळं कोण करतं? नवरीची आई, मावशी, आत्या, शेजारच्या मुली. रात्र रात्र जागून, घरकाम आटपल्यावर. गणपतीचं मखर पाहा. २०१८ साली राज्य सरकारने सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आणेपर्यंत कितीतरी घरांमधून बायकांनी त्यात देवळं कोरली. आणि गंमत अशी, की थर्मोकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन, माझ्या डब्यातलं प्लॅस्टिकही पॉलिस्टायरीनच. थर्मोकोलवर नखांचा रंग काढायचं पातळ द्रव्य सांडलं तर तो विरघळतो हे आपल्यापैकी अनेकींनी पाहिलं असेल. प्रतिकृतीच्या कामातला चिकटवायचा द्रव याच तत्त्वावर चालतो. तो दोन्ही कडा किंचित विरघळवतो आणि त्या एकमेकींत मिसळून एकजीव होतात. म्हणूनच इथे लाकडाला लावायचा पांढरा गोंद कामाचा नाही.

म्हणजे सामान तेच, हात तेच, चिकाटी तीच. फरक नावात आहे. बाईने केलं की ते रुखवत, पुरुषाने केलं की ती प्रतिकृती. रुखवत दोन दिवस मांडलं जातं, “मुलीच्या हाताला वळण आहे हो” असं सासरच्यांकडून वदवून घेण्यासाठी, आणि नंतर माळ्यावर धूळ खातं. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून छोट्या रेल्वेंचं संग्रहालय उभं केलं. १९९८ सालापासून लोक ते तिकीट काढून पाहतात. मला त्याचा आनंदच आहे, तिथे मुलांना घेऊन जरूर जावं. पण कुणा बाईच्या हातची रुखवतातली घरं अशी कुठे जपून ठेवलेली, तिच्या नावाची पाटी लावून मांडलेली तुम्ही पाहिली आहेत का? मी पाहिलेली नाहीत.

ही वाटणी लहानपणीच होते. दिवाळीत अंगणात किल्ला मुलगे करतात. बुरूज, दरवाजा, पाण्याचं टाकं हे सगळं त्यांचं. मुलीला माती मळून द्यायला आणि हळीव पेरायला बोलावतात. तिच्या हातात भातुकली येते. चूल, जातं, पाटा-वरवंटा, सगळं अगदी प्रमाणात. मला भातुकलीचा राग नाही, त्या पितळी भांड्यांची कारागिरी उत्तमच असते. पण मुलग्याला आम्ही लहान करून देतो ते जग आणि मुलीला लहान करून देतो ते स्वयंपाकघर, याचा विचार करायला हवा.

याचा परिणाम काय होतो ते मी जवळून पाहिलं. आमच्या शेजारची एक मुलगी माझ्याकडे येऊन बसते. तिचे वडील ट्रॉलरवर खलाशी आहेत. सातवीत असताना तिने माझ्या टेबलावर वडिलांच्या बोटीची प्रतिकृती केली. आपल्या बोटींचे डबे बाजारात मिळत नाहीत, म्हणून प्लॅस्टिकचा पत्रा कापून सगळं हाताने करावं लागलं. आम्ही दोघी मिरकरवाड्याच्या बंदरावर टेप घेऊन गेलो. १५ मीटरची बोट, १:७२ ला २१ सेंटिमीटर. तिने वहीत केबिन, डोलकाठी, जाळं ओढायचं यंत्र यांची मापं आकृत्यांसह लिहिली, भागाकार करून लहान मापं काढली. शाळेच्या प्रदर्शनात ती बोट “विज्ञान” विभागात घेतली नाही. ती ठेवली “हस्तकला” विभागात, पिसांच्या फुलदाणीशेजारी. विज्ञान विभागात एका मुलाचं बाजारातून आणलेलं रॉकेट होतं. परीक्षकांनी तिला “छान सजावट केलीस” असं म्हटलं, वही उघडूनही पाहिली नाही. त्या शाळेचं नाव मी लिहीत नाही. आपापल्या गावातल्या शाळेचं प्रदर्शन आठवून पाहा, म्हणजे नावाची गरज पडणार नाही.

“सजावट” हा शब्द साधा नाही. बाईच्या कौशल्याला स्वभाव म्हणायचं, ही त्यामागची जुनी युक्ती आहे. काजूच्या कारखान्यात गर सोलायला, कोळंबी सोलायला, कारखान्यांमधून बारीक सुटे भाग जोडायला बायका घेतात आणि सांगतात की त्यांची बोटं मुळातच नाजूक असतात. मुळातच असेल तर शिक्षण कुठलं, आणि शिक्षण नाही तर पगार कशाला वाढवायचा? पण ती बोटं मुळात तशी नसतात. लहानपणापासून शिवताना, निवडताना, गजरे करताना त्यांना हजारो तास शिकवणी मिळालेली असते. फक्त त्या शिकवणीचं प्रमाणपत्र कुणी देत नाही. पुरुषाने ०.३५ मिलिमीटरचा कठडा केला तर त्याला अचूकता म्हणतात. बाईने केला तर हात नाजूक.

आता काही मैत्रिणी विचारतील, आणि त्यांनी विचारावंच, की हे डबे बहुतेक युद्धसामग्रीचे असतात, रणगाडे, बॉम्बफेकी विमानं. शांततेच्या मोर्चात चालणाऱ्या बाईने ते का करावेत? हा आक्षेप मला मान्य आहे. दुकानातल्या फळीवर संहाराचीच यंत्रं जास्त असतात. डब्यातला वैमानिक नेहमी पुरुष असतो. म्हणून मी डबे निवडून घेते. पण एक गोष्ट सांगते. दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर विमान मी केलं तेव्हा त्याची माहिती शोधताना मला बिएट्रिस शिलिंग भेटली. त्या विमानाचं इंजिन एकदम खाली सूर मारताना बंद पडायचं. १९४१ साली या इंजिनियर बाईने इंधनाच्या वाटेत बसवायची छिद्राची एक लहानशी चकती शोधून काढली आणि तो दोष बराचसा आटोक्यात आणला. कारखान्यांतून ही विमानं तळांवर पोचवणाऱ्या वैमानिकांतही बायका होत्या. डब्यावरच्या चित्रात यातलं काही नसतं. बारकाव्यात शिरल्यावर ते सापडतं.

लहान मापाचं हे काम किती दूर जाऊ शकतं याचं दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. फ्रान्सिस ग्लेसनर ली या श्रीमंत घरातल्या बाईने १९४० च्या दशकात बाहुलीघराच्या मापात, एक फुटाला एक इंच, संशयास्पद मृत्यूंचे देखावे बनवले. खिडकीचा पडदा, भिंतीवरचं कॅलेंडर, शिजत टाकलेलं अन्न, सगळं नेमकं. पोलिसांनी जागा बारकाईने पाहायला शिकावं म्हणून. त्यातले १८ देखावे बाल्टिमोरमध्ये जपलेले आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा देखाव्यांत मेलेली व्यक्ती बाई आहे आणि जागा तिचं घर. ज्या कलेला बायकांचा खेळ म्हणून हसत, तिच्यातूनच घराच्या चार भिंतींत काय घडतं ते एका बाईने पोलिसांपुढे मांडलं.

त्यावरून मला आमच्या ट्रॉलरचा प्रश्न सुटला. बोट तयार झाल्यावर त्या मुलीने विचारलं, “काकी, यात आई कुठे आहे?” बोटीवर खलाशी सगळे पुरुष. पण मासळी उतरली की ती निवडणाऱ्या, लिलावात बोली लावणाऱ्या, सुकवणाऱ्या, डोक्यावर पाटी घेऊन विकायला जाणाऱ्या बायका असतात. बोटीची प्रतिकृती डेकवर संपते, म्हणून त्या दिसत नाहीत. मग आम्ही बोटीखाली धक्का केला. तशा बाहुल्या कुठल्या डब्यात मिळतात? पुट्टीच्या २१ मिलिमीटरच्या बायका हाताने घडवल्या, टोपल्यांसकट. प्रतिकृती कुठे थांबवायची हे करणारा ठरवतो, आणि आजवर करणारे बहुतेक पुरुष होते.

राहिला वेळेचा प्रश्न. “तुम्हाला बरा वेळ मिळतो” हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. सरकारच्याच २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होते, घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, पुरुषाचीही नऊ वाचली! त्या दहा मिनिटांत रंगाचा एक थरही वाळत नाही. मला वेळ मिळतो तो पेन्शन आहे म्हणून, आणि संध्याकाळचा स्वयंपाक घरातल्या दुसऱ्या माणसाने करायचा हे भांडून ठरवून घेतलं म्हणून. वेळेइतकीच जागा महत्त्वाची. अर्धवट जोडलेलं काम तसंच टाकून उठता येईल, कुणी ते उचलून तिथे भाजी निवडायला बसणार नाही, असं एक टेबल किती जणींच्या घरात आहे?

म्हणून माझं मागणं लहान आणि स्पष्ट आहे. येत्या दिवाळीत किल्ल्याचा नकाशा मुलीला काढू द्या. शाळांनी प्रदर्शनात मुलीने केलेली वस्तू कुठल्या विभागात ठेवायची हे तिची मापांची वही पाहून ठरवावं, आणि पालक सभेत आपण ते विचारावं. लग्नघरातल्या रुखवतावर करणारीच्या नावाची चिठ्ठी लावावी. आणि आपल्या महिला मंडळांनी हळदीकुंकवाच्या वाणाऐवजी एखाद्या वर्षी एक सामायिक टेबल, दोन कटर आणि पॉलिशपेपर घ्यावा. सुरुवातीला परदेशी डबा लागतच नाही.

ती मुलगी आता नववीत आहे आणि तंत्रनिकेतनात जाईन म्हणते. सध्या ती “तारिणी” करते आहे. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली ही शिडाची नौका घेऊन नौदलातल्या सहा जणी २०१७-१८ साली पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या, आणि २०२४-२५ मध्ये दोघी जणी. खरी नौका ५६ फुटांची, टेबलावरची पावणेचोवीस सेंटिमीटर होईल. यंदाच्या प्रदर्शनात ती कुठल्या विभागात ठेवतात ते पाहायला मी आणि तिची आई दोघी जाणार आहोत. मापांची वही बरोबर असेल.