खोगीरभरती



मराठीचा मास्तर निबंधावर लाल शाईनं शेरा मारतो, 'खोगीरभरती'. म्हणजे उगाच कोंबलेला, बिनकामाचा मजकूर. मॅट्रिकपर्यंत मी हा शब्द मुकाट ऐकला. आता गोदीत माल उतरवतो, कविता लिहितो आणि शब्दांची झडती घेतो. हा शब्द कुणी घडवला? जो खोगिरावर बसला त्यानं. ज्यानं खोगीर भरलं त्याला कुणी विचारलंच नाय.

भरणाऱ्याला ठाऊक असतं. आत लाकडाचा सांगाडा, वर कातडं, खाली घोड्याच्या पाठीला टेकणाऱ्या दोन गाद्या. त्यांत लोकर भरायची. एका बाजूला मूठभर जास्त झाली की स्वार तिरका बसतो. आत गोळा राहिला की घोड्याची पाठ सोलवटते, जखम होते. घामानं नि वजनानं लोकर दबते, म्हणून काही काळानं उसवून पुन्हा भरावी लागते, पाठीवर हात फिरवून, अंदाज घेऊन. जनावराची पाठ वाचवणारं काम, आणि भाषेत त्याची झाली शिवी!

शिवणीचंही तेच. आरीनं भोक पाडायचं. मेण लावलेला एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, दोन्ही समोरासमोरून त्याच भोकातून. एका बाजूचा दोरा झिजून तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. मशीनच्या टाक्यात दोन दोरे नुसते एकमेकांत अडकवलेले असतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. भर धावेत रिकिबीचा पट्टा सुटला तर स्वाराची मान मोडेल. म्हणजे वर बसलेल्या साहेबाचा जीव खाली बसलेल्या कारागिराच्या टाक्यावर लटकलेला असतो.

हे काम आज मोठ्या प्रमाणावर चालतं ते कानपुरात. १८५७ च्या बंडानंतर इंग्रजांना फौजेसाठी खोगीर-लगाम हवे होते. १८६० च्या दशकात तिथं सरकारी हार्नेस अँड सॅडलरी कारखाना उभा राहिला. बाभळीची साल जवळ, कातडं जवळ, आणि ते कमावणारे चर्मकार नि मुसलमान कारागीरही जवळ. आज कानपूरच्या खोगिराला भौगोलिक मानांकन आहे, माल परदेशात जातो. मानांकनात शहराचं नाव, मालावर कंपनीचा छाप. आरी धरणाऱ्याचं नाव कुठं? गोदीत मी रोज बघतो, खोक्यावर मार्का असतो, हात नसतो.

तरी शहरातल्या मजुरीनं माणसाला मान वर करायला जागा दिली. १९२० च्या दशकात स्वामी अछूतानंदांची आदि हिंदू चळवळ याच कानपुरात रुजली.

आता काही पोरं विचारतील, बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडायला सांगितलं, मग तू परत कातड्याकडं काय वळवतोस? सवाल रास्त आहे. बाबासाहेबांनी लाथाडलं ते जातीनं लादलेलं, अपमानाचं काम. ते लाथाडलेलंच राहील. जुलै २०१६ मध्ये उना तालुक्यात मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना उघडं करून बडवलं, तेव्हा सुरेंद्रनगरात आपल्या लोकांनी मेलेली ढोरं कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली. बरोबर केलं.

पण ही बनवाबनवी बघा. तेच कातडं गल्लीत शिवलं की चांभारकी, काचेच्या शोरूममध्ये टांगलं की हस्तकला. गल्लीतल्याच्या वाट्याला जात, शोरूमवाल्याच्या वाट्याला नफा. आपण लाचारी सोडली म्हणून हुन्नरही त्यांच्या हवाली करायचा काय?

खोगीर दुरुस्तीला भांडवल थोडं लागतं: रापी, आरी, सुया, दोरा, लोकर आणि शिकलेला हात. माथेरानला आजही घोडे पर्यटक वाहतात. रेसकोर्स आहेत, रायडिंग क्लब आहेत. पट्टे झिजणार, लोकर दबणार, काम येत राहणार. ज्याला शिकायचंय त्यानं शिकावं, मग तो कुठल्याही जातीचा असो. ज्याला नको त्याच्यावर बापाचा धंदा लादू नये. एकेकटा गेला तर दलाल गिळेल, म्हणून चौघांनी मिळून सोसायटी काढावी. खोगिरावर आपलं नाव ठोकावं. पावती आपली, भाव आपला.

आणि भाव सांगताना मान खाली घालायची नाय. घोड्याची पाठ वाचवणाऱ्यानं स्वतः वाकून का जगायचं?