दीडशे मोहरांचा मंत्र

कल्पित दुनियेत रंगणाऱ्या रोलप्लेइंग खेळांची चर्चा निघाली की एक प्रश्न हटकून विचारला जातो: त्या दुनियेत जादूगार किती असावेत? त्याचे उत्तर आता सुभाषितासारखे रूढ झाले आहे: जितके कमी तितके बरे. जादू दुर्मीळ असेल तरच तिचे अप्रूप टिकते, गल्लोगल्ली जादूगार झाले की त्यांचे कारकून होतात, असा हा युक्तिवाद. टोल्किनच्या मध्य-पृथ्वीवरील पाच इस्तारींचा दाखला त्याला हमखास जोडला जातो. आम्हांला हे उत्तर मान्य नाही. त्यात रसिकतेपेक्षा पळवाट अधिक आहे.

या खेळांचा आद्यपुरुष म्हणजे १९७४ साली आलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्याच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने खेळ चालवणाऱ्यासाठी वस्त्यांचे चक्क खानेसुमारीसारखे तक्ते दिले. त्यांनुसार आकडेमोड केली, तर २५,००० हून अधिक वस्तीच्या महानगरात ‘विझर्ड’ या एकाच वर्गाचे किमान ६० आणि कमाल १२४ जादूगार निघतात. पुरोहित, ड्रुइड, सॉर्सरर यांची गणती निराळीच. उरलेल्या प्रजेतही दर २०० माणसांमागे एक ‘अ‍ॅडेप्ट’ असतो, म्हणजे किरकोळ मंत्र जाणणारा. आणि या उरलेल्या प्रजेतले ९१ टक्के लोक ‘कॉमनर’, म्हणजे साधी कष्टकरी माणसे.

यावर कुणी म्हणेल, पंचवीस हजारांत शंभर-सव्वाशे म्हणजे दुर्मीळच की! पण जादूचे मोल डोकी मोजून ठरत नाही. दोन ते पाच हजार वस्तीचे एखादे गाव घ्या. त्याच तक्त्यांनुसार तेथे सहापैकी पाच वेळा पाचव्या किंवा त्याहून वरच्या पातळीचा पुरोहित सापडतो. हा पुरोहित रोज किमान एकदा रोगनिवारणाचा मंत्र टाकू शकतो. वर्षाकाठी ३६५ रोगी बरे करणारा एक माणूस ज्या गावात आहे, त्या गावात साथीने घरेच्या घरे ओस का पडावीत?

उत्तर त्याच आवृत्तीच्या नियमांत आहे, फक्त ते दरपत्रकात दडले आहे. या मंत्राचा किमान दर १५० सोन्याची नाणी. बिनकसबी मजुराची रोजची कमाई चांदीचे एक नाणे, आणि अशा दहा नाण्यांचे सोन्याचे एक. म्हणजे आपले मूल वाचवण्यासाठी त्या मजुराला १,५०० दिवसांची, चार वर्षांहून अधिक काळाची, संपूर्ण मजुरी मोजावी लागेल. आणि तीही उपाशी राहून. जादूगार दुर्मीळ नाहीत. दुर्मीळ आहेत त्या दीडशे मोहरा.

आमचा आक्षेप दरावर नाही. अन्याय दाखवणे हे कथेचे कामच आहे. आक्षेप आहे तो अन्यायाला निसर्गनियम म्हणून खपवण्यावर. ‘जादूगार फार थोडे आहेत हो’ असे म्हटले की मंदिराच्या दाराशी परत पाठवलेला बाप कथेतून नाहीसा होतो, आणि त्याला परत पाठवणाराही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने तर अशा सेवेला ठरलेला दरच नाही असे सांगून टाकले. याच आवृत्तीत छोटे मंत्र दिवसभर हवे तितक्या वेळा टाकता येतात. जादू अशी वाढली, हिशेब मात्र मिटला.

हिशेब चुकता करणारी दुनिया उभी करता येत नाही असे मात्र नाही. १९९१ च्या ‘डार्क सन’मध्ये जादू झाडाझुडपांचा जीव शोषते. तिथले वाळवंट हेच जादूगारांचे बिल, आणि म्हणूनच लोक त्यांचा द्वेष करतात. २००४ च्या ‘एबेरॉन’मध्ये छोटे मंत्र जाणणारे कारागीर सर्वत्र आहेत, शहरांत जादूचे दिवे जळतात, आगगाडीसारखी वाहने धावतात, आणि रोग बरे करण्याचा धंदा एका घराण्याच्या मुठीत आहे, जे रोख शुल्क घेते. एकीकडे जादूगार विरळा, दुसरीकडे मुबलक. पण दोन्ही दुनिया प्रामाणिक आहेत, कारण जादूची किंमत कोण मोजतो हे दोघींनाही ठाऊक आहे.

आणि अप्रूपाचे काय? अप्रूप संख्येवर अवलंबून असते, हे आम्हांला पटत नाही. आपला ताप उतरवू शकणारा माणूस दोन गल्ल्यांपलीकडे राहतो आणि तरीही आपल्यासाठी तो आकाशातल्या ताऱ्याइतका दूर आहे, हे जाणणाऱ्या मजुराच्या डोळ्यांत जादूविषयी जे भय आणि जी आस असेल, ती पाच इस्तारींच्या दंतकथेहून कमी नाही.

म्हणून खेळ चालवणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच: जादूगार पाच ठेवा वा पाच हजार. पण खेळ मांडण्यापूर्वी मंदिराच्या दाराशी कोण उभा आहे, तो कोणाला आत सोडतो आणि कोणाला नाही, हे ठरवा. ते ठरवले नसेल, तर तुमच्या गावातले मूल रोगाने मेले नाही. ते तुमच्या दुर्लक्षाने मेले.