दुसऱ्याचे पुडके

परवा खोडदला बैठक आटोपून चहा घेत होतो. एका मावशींनी विचारले, "भाऊ, आमचा थोरला दुबईला चाललाय कामाला. शेजारीण तिच्या लेकासाठी पुडकं देते म्हणते. न्यावं का?" आम्ही म्हणालो, "समोर उघडून पाहिल्याशिवाय मुळीच नाही." मावशींचा चेहरा पडला. शेजारधर्म मोडायचा म्हणजे काय!

मग आम्ही त्यांना मुंबईच्या एका जोडप्याची हकीकत सांगितली. २०१९ साली ते दोघे कतारला फिरायला गेले. सहल घडवली नात्यातल्याच बाईने, आणि सोबत न्यायला पुडकेही तिनेच दिले. दोहाच्या विमानतळावर त्यातून चार किलोंवर चरस निघाला. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. सूनबाई गरोदर होती, तिची मुलगी कैदेतच जन्मली. इकडे घरच्यांनी दारोदार धावपळ केली, अमली पदार्थ नियंत्रण ब्युरोने तपास केला, तेव्हा कुठे २०२१ मध्ये दोघे निर्दोष सुटले.

आपला १९८५ चा कायदा तरी कुठे मवाळ आहे? एक किलोहून अधिक चरस किंवा पाव किलोहून अधिक हेरॉईन देशात आणले, तर पहिल्याच गुन्ह्याला किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख दंड. न्यायाधीशाला एक दिवसही कमी करता येत नाही. इतर अनेक गुन्ह्यांत पहिल्यांदा चुकलेल्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येते, इथे सज्ञान माणसाला ती वाट बंद. शिवाय माल ठाऊक होता असे कायदा धरूनच चालतो. ठाऊक नव्हते, हे आरोपीनेच सिद्ध करायचे, तेही संशयाला जागा न ठेवता. परक्या गावात, खिशात वकिलाची फी नसताना!

नशेच्या व्यापाऱ्याची वकिली आम्ही करीत नाही. व्यसनाने उठलेली घरे आम्ही पाहिली आहेत. पण माल भरणारा शेठ आणि पाच-दहा हजारांसाठी बॅग उचलणारा पोरगा, दोघांना एकच तराजू? शेठ तर बॅगेला हातही लावत नाही. दुसऱ्यांदा सापडलेल्याला ठरावीक मालासाठी फाशीच द्यावी, ही सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये अमान्य केली आणि २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलला. दुसऱ्या गुन्ह्याला न्यायाधीशाचे हात मोकळे झाले, मग पहिल्या गुन्ह्याला बांधलेले का?

मावशींनी शेवटी शेजारणीसमोरच पुडके उसवले. आत शेंगदाण्याची चटणी आणि कुरडया होत्या. शेजारीण दोन दिवस फुगून बसली होती म्हणे.