विश्लेषण : ‘७० चाचण्या, निम्म्या दरात’! आरोग्य तपासणीचे पॅकेज घेण्यापूर्वी काय पाहावे?

लोणावळा, कामशेत, वडगाव असो की तळेगाव, ‘फुल बॉडी चेकअप’च्या सवलतीचा संदेश बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन गेलेला असतो. आई-वडिलांची तपासणी करायची म्हटली की दोघांचे पॅकेज, पुण्याला जायचे तर उपाशीपोटी लोकलचा प्रवास आणि घरातल्या कुणाची तरी एक दिवसाची रजा. एवढे करून हाती फक्त मोबाइलवरची पीडीएफ राहिली आणि ती कुणा डॉक्टरने वाचलीच नाही, तर पैसे वाया गेले असेच म्हणावे लागेल. म्हणून आधी डॉक्टर, मग चाचण्या आणि गरज पडली तरच पॅकेज, हा क्रम योग्य.

७० चाचण्या म्हणजे नेमके काय?

‘सीबीसी’ ही रक्ताची एकच तपासणी. मात्र तिच्या अहवालात हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट अशा अनेक ओळी असतात. यकृत, मूत्रपिंड, कोलेस्टेरॉल आणि थायरॉइडच्या तपासण्यांचेही तसेच. जाहिरातीत यातली प्रत्येक ओळ वेगळी चाचणी म्हणून मोजली की आकडा सहज फुगतो. त्यामुळे दोन पॅकेजची तुलना आकड्यावरून करू नका, यादी मागून घ्या. घरात मधुमेही असेल तर एचबीए१सीसोबत लघवीतील अल्ब्युमिन आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही महत्त्वाची. मोठ्या आकड्याच्या पॅकेजमध्ये या दोन्ही आहेत का, हे आवर्जून पाहा.

जास्त चाचण्या केल्या तर बिघडले कुठे?

बहुतेक चाचण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा ९५ टक्के निरोगी लोक तिच्यात बसतील अशी आखलेली असते. म्हणजे एका चाचणीत २० पैकी एक निरोगी माणूसही मर्यादेबाहेर दिसतो. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर निरोगी माणसाच्या अहवालात किमान एक आकडा ठळक अक्षरांत येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. मग पुन्हा चाचणी, सोनोग्राफी, तज्ज्ञाची फी आणि घरभर काळजी. कोणतीही तक्रार नसताना कर्करोगाचे ‘मार्कर’ तपासून घेणेही याच प्रकारातले. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्यावर खर्च करू नये.

यातले मोफत काय मिळते?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. मावळात प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि कान्हे येथील शासकीय रुग्णालय आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांत तिशीपुढील नागरिकांसाठी रक्तदाब, मधुमेह, तसेच तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहे. तिथे गर्दी असते, थांबावे लागते, हे खरे. पण पवन मावळ किंवा नाणे मावळातल्या ज्या घरात एका दिवसाची मजुरी बुडणेही जड जाते, तिथे पहिली पायरी हीच असावी. तळेगाव एमआयडीसीत नोकरी असेल आणि कंपनी वार्षिक तपासणी करत असेल, तर त्या अहवालाची प्रत मागून घ्या. त्याच चाचण्यांसाठी पुन्हा पैसे कशाला?

पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे?

● नमुना इथेच तपासणार की पुण्या-मुंबईला पाठवणार? रक्त तसेच पडून राहिले तर साखर कमी आणि पोटॅशियम जास्त दिसू शकते.

● अहवालावर सही कोणाची? पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे.

● प्रयोगशाळेला ‘एनएबीएल’ मान्यता आहे का? ती ऐच्छिक असली तरी दर्जाची एक खूण आहे.

● डॉक्टरांचा सल्ला आणि घरी येऊन नमुना घेण्याचे शुल्क दरात धरले आहे का?

● किती तास उपाशी राहायचे? साधारण ८ ते १२ तास सांगतात, पाणी चालते. नेहमीच्या गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा. एचबीए१सीसाठी उपाशी राहावे लागत नाही.

विमा आणि करसवलतीचे काय?

अनेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये ठरावीक रकमेपर्यंत तपासणी मिळते. त्यामुळे आधी पॉलिसी उघडून पाहा. मात्र केवळ तपासण्यांसाठी रुग्णालयात दाखल झाल्यास तो खर्च सहसा विम्यात बसत नाही. ‘८०डी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वजावटीत प्रतिबंधात्मक तपासणीसाठी वर्षाला ५ हजार रुपयांपर्यंत सवलत आहे आणि हा खर्च रोखीने केला तरी चालतो. पण ती फक्त जुन्या करप्रणालीत आणि विमा हप्त्याच्या एकूण मर्यादेच्या आतच मिळते. शिवाय ५ हजार परत मिळत नाहीत, तेवढे करपात्र उत्पन्न कमी होते. २० टक्क्यांच्या टप्प्यात वाचतात ते सुमारे हजार रुपये. सवलतीसाठी तपासणी करण्यात अर्थ नाही, पण केली असेल तर पावती जपून ठेवा.

मग करावे काय?

गावातल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. वय, वजन, व्यसन, घरातले आजार सांगा, रक्तदाब मोजून घ्या आणि चाचण्यांची चिठ्ठी लिहून घ्या. त्यातल्या सरकारी केंद्रात होतील त्या तिथे करा. उरलेल्यांचे दर दोन-तीन ठिकाणी विचारा. सगळ्या मिळून पॅकेजपेक्षा महाग पडत असतील तर पॅकेज जरूर घ्या. अहवाल आला की त्याच डॉक्टरांना दाखवा आणि पुढच्या वर्षी तुलनेसाठी फाइलला लावून ठेवा. डॉक्टरांची एक फी वाचवण्यासाठी ७० आकड्यांचा अर्थ आपणच मोबाइलवर शोधत बसणे, ही बचत नव्हे.